कोपऱ्यातल्या पेटीकडे कोण पाहणार?

नोव्हेंबर लागला की आपल्या बेटावर घरोघरी एक ठराविक लगबग सुरू होते. छपरावरची पाण्याची टाकी नीट बांधलेली आहे ना, खिडक्यांच्या कड्या शाबूत आहेत ना, मेणबत्त्या, आगपेट्या, रेडिओचे सेल, डब्यातली बिस्किटे, सारे पाहून ठेवावयाचे. पहिल्या श्रेणीचा इशारा कानांवर पडण्याआधीच शहाण्या घराची ही तयारी झालेली असते. १९६० साली ‘आलिक्स’ आणि ‘कॅरोल’ ही दोन वादळे लागोपाठ आली, तेव्हा आपल्या आजी-आजोबांनी गवताची आणि पत्र्याची घरे डोळ्यांदेखत उडताना पाहिली. ती भीती त्यांनी पुढच्या पिढ्यांच्या हाडीमाशी मुरवली. म्हणून आज आपण न सांगता टाकी बांधतो.

ह्या सगळ्या तयारीत एक वस्तू मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे, धुळीत बसलेली ती लहानशी पेटी. तिचे खरे नाव राउटर. पण घरात तिला त्या नावाने कोणी ओळखत नाही. मुले ‘वायफाय’ म्हणतात, वडीलधारी माणसे ‘इंटरनेटची पेटी’ म्हणतात. दिवे लुकलुकत आहेत तोवर ठीक. लुकलुकणे थांबले की वायर उपटावयाची, दहापर्यंत आकडे मोजावयाचे आणि पुन्हा खोचावयाची. एवढाच आपला आणि तिचा संबंध.

वाचकहो, ह्या पेटीतील सॉफ्टवेअर वेळच्या वेळी बदलले पाहिजे, आणि ते कोण बदलणार हे प्रत्येक घराने ठरवून ठेवले पाहिजे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. हे सांगण्याचा मला अधिकार आहे आणि नाहीही. मी आयुष्याची सत्तावीस वर्षे पोर्ट लुई आणि एबेन येथील कार्यालयांत अशाच, पण मोठ्या, राउटरांची देखभाल करण्यात घालवली. त्यांची ऑपरेटिंग सिस्टिम जुनी काढून नवी घालणे हे माझे पोटापाण्याचे काम होते. आणि तरीही माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरातील पेटीकडे मी आठ वर्षांत एकदाही ढुंकून पाहिले नाही. त्याची किंमत तिने मोजली.

ताई वाक्वाला एकटी राहते. शाळेत शिकवून निवृत्त झाली आहे. मुलगा कॅनडात असतो. २०१३ साली तिच्या घरी मीच दुकानातून एक राउटर आणून बसवला होता. २०२१ च्या फेब्रुवारीत एके सकाळी ती नेहमीप्रमाणे बिल भरण्यासाठी संगणकावर बँकेचे पान उघडावयास बसली. पान उघडण्यापूर्वी पडद्यावर लाल पाटी आली की हे ठिकाण सुरक्षित नसावे. ताईने ‘पुढे चला’ दाबले. पान ओळखीचे, रंग ओळखीचा, चिन्ह तेच. तिने आपले नाव घातले, पासवर्ड घातला, मोबाइलवर आलेला सहा आकडी क्रमांकही घातला. त्यानंतर पान नुसतेच गरगर फिरत राहिले. ताईला वाटले, इंटरनेट मंद आहे. दुपारी मोबाइलवर संदेश आला तेव्हा खात्यातून बेचाळीस हजार रुपये गेलेले होते.

बँकेने सांगितले, क्रमांक आपणच आपल्या हाताने दिलात. नियमाप्रमाणे त्यांचे बरोबरही असेल. मी संध्याकाळी जाऊन संगणक तपासला. त्यात काहीच सापडले नाही. मग पेटीच्या आत शिरून पाहिले. इंटरनेटवर कोणत्या नावाचा पत्ता काय, हे सांगणाऱ्या खास वह्या असतात; आपण बँकेचे नाव टाइप केले की पेटी त्या वहीला विचारते आणि मिळालेल्या पत्त्यावर आपल्याला नेऊन सोडते. कोणती वही विचारावयाची, हीच नोंद ताईच्या पेटीत कोणीतरी बाहेरून बदलून ठेवली होती. ताईने बँकेचे नाव बिनचूक लिहिले आणि पेटीने तिला चोराच्या दारात उभे केले. पेटीचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता. आतील सॉफ्टवेअर २०१२ चे होते.

आणि ती लाल पाटी? काही वर्षांपूर्वी तिचा प्रिंटर जोडताना मीच तिला फोनवर म्हटले होते, “अगं ताई, लाल पाटी आली तर घाबरू नकोस, पुढे जा.” ह्याची आठवण तिने मला करून दिली नाही. मलाच झाली.

हा प्रकार नवा होता असेही नाही. २०११ आणि २०१२ साली ब्राझीलमध्ये, मोडेमच्या सॉफ्टवेअरमधील एका दोषाच्या वाटेने, सुमारे ४५ लाख पेट्यांतील नेमकी हीच नोंद बदलण्यात आली होती, आणि तेथील लोक बँकांच्या खोट्या पानांवर जाऊन पडत होते. म्हणजे मी ताईच्या घरी पेटी बसवली त्याच्या आधीच जगाला हे ठाऊक झाले होते. मलाही ठाऊक होते. कार्यालयात बसून मी त्यावर सहकाऱ्यांना चांगले अर्धा तास ऐकवलेही होते.

आता ह्या पेटीत असते तरी काय? एक लहानसा संगणकच. त्याला प्रोसेसर आहे, थोडीशी मेमरी आहे, आणि वीज गेली तरी न पुसणारी एक चिप आहे. त्या चिपेत त्याची ऑपरेटिंग सिस्टिम साठवलेली असते. घरगुती पेट्यांपैकी पुष्कळांत ती लिनक्सची असते. कार्यालयातील सिस्कोच्या राउटरांत त्या कंपनीची स्वतःची, ‘आयओएस’ नावाची. ती माणसांनी लिहिलेली असते, म्हणून तिच्यात चुका असतात. चुका सापडतात, तशी बनवणारी कंपनी दुरुस्त आवृत्ती काढते. येथपर्यंत सगळे आपल्या मोबाइलसारखेच आहे. फरक एवढाच की मोबाइल आपल्या मागे लागतो. ‘नवे सॉफ्टवेअर आले आहे, आज रात्री घालू का?’ असे तो दहा वेळा विचारतो. कोपऱ्यातली पेटी बिचारी मुकी. तिच्यासाठी दुरुस्ती निघाली आहे, हे तिने कोणाला आणि कसे सांगावे?

मुक्या पेटीचे काय होते त्याचे एक उदाहरण मला नेहमी आठवते. ‘रॉमपेजर’ नावाचे एक छोटे सॉफ्टवेअर जगभरच्या अनेक कंपन्या आपापल्या राउटरांत घालीत असत. त्यात २००२ साली एक चूक शिरली. ज्यांनी ते लिहिले त्या कंपनीने २००५ साली चूक दुरुस्तही केली. पुढे २०१४ च्या डिसेंबरात संशोधकांनी मोजले तेव्हा १८९ देशांतील किमान १ कोटी २० लाख पेट्या त्याच जुन्या चुकीसह इंटरनेटवर बसलेल्या आढळल्या. दुरुस्ती होऊन नऊ वर्षे झाली होती! औषध तयार होते, दुकानात होते; फक्त रोग्यापर्यंत ते घेऊन जाणारा कोणी नव्हता. चिप बनवणाऱ्याने पेटी बनवणाऱ्याकडे बोट दाखवावे, पेटी बनवणाऱ्याने इंटरनेट पुरवणाऱ्याकडे, आणि त्याने गिऱ्हाइकाकडे. गिऱ्हाईक तर वायर उपटून पुन्हा खोचण्यापलीकडे काही जाणत नाही.

येथे कोणी म्हणेल, आपल्या बेटावर तर फायबरची पेटी कंपनीच देते आणि तिचे सॉफ्टवेअर कंपनीच दुरून बदलते. हे बऱ्याच अंशी खरे आहे, आणि चांगलेही आहे. पण आपल्या घरांत किती पेट्या आहेत ते जरा मोजून पाहा. कॅरोलनंतर आपण सिमेंट-काँक्रीटची घरे बांधली. जाड भिंती, जाड छप्पर. वादळाला दाद देत नाहीत आणि वायफायलाही नाहीत. मागच्या खोलीत, वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघरात इंटरनेट पोहोचत नाही. मग मुलगा दुकानात जाऊन दुसरी पेटी आणतो आणि पहिलीला जोडतो. कोणी धाकट्या भावाच्या बिऱ्हाडासाठी तिसरी लावतो. ह्या दुसऱ्या-तिसऱ्या पेटीला आई ना बाप. इंटरनेट देणारी कंपनी म्हणते, ती आमची नव्हे. दुकानदार म्हणतो, वर्षाची हमी संपली. मुलगा शिकावयास परदेशी गेलेला असतो. ताईकडची पेटी ह्याच जातीची होती. आणि आणणारा मुलगा तर सोडाच, तो जाणता भाऊ होता.

वायर उपटून पुन्हा लावण्याच्या आपल्या उपायाबद्दलही दोन शब्द सांगतो, कारण तो अगदीच खुळा नाही. २०१८ च्या मे महिन्यात ‘व्हीपीएनफिल्टर’ नावाचा उपद्रव उघडकीस आला. ५४ देशांतील किमान ५ लाख पेट्यांत तो शिरलेला होता. तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना जाहीर सल्ला दिला की आपापले राउटर एकदा बंद करून चालू करा. त्याने त्या उपद्रवाचे दुसरे-तिसरे अंग गळून पडत होते. पण पहिले अंग चिपेत मुळे धरून राहत होते. पेटी पुन्हा चालू झाली की ते बाकीचे पुन्हा बोलावून घेण्याच्या तयारीत. ते मुळासकट काढावयाचे तर पेटी कारखान्यातून आली तशी कोरी करणे आणि नवे सॉफ्टवेअर घालणे हाच उपाय होता.

आता दुसरी बाजू. “चालते आहे ना? मग हात कशाला लावायचा?” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांना हसत नाही. सॉफ्टवेअर बदलताना पेटी कायमची निजू शकते, हे मी स्वतः पाहिले आहे. पाहिले कशाला, केले आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पोर्ट लुईतील एका कार्यालयाचा राउटर. त्याच्या चिपेत जागा अवघी आठ मेगाबाइट. जुनी सिस्टिम ठेवून शेजारी नवी बसत नव्हती, म्हणून आधी जुनी पुसावयाची आणि मग नवी उतरवावयाची, असा बेत. रात्रीचे नऊ वाजलेले. जुनी पुसली. नवी उतरू लागली; पडद्यावर उद्गारचिन्हांची रांग सरकू लागली, कारण त्या राउटरची ती खूणच होती, माल येतो आहे, येतो आहे. रांग अर्ध्यावर आली आणि वीज गेली. वादळ नाही, पाऊस नाही, नुसती वीज गेली. बॅटरीवर चालणारा यूपीएस खोलीत होता. पण त्याला कोणीतरी चहाची किटली जोडून ठेवली होती. राउटर सरळ भिंतीला. वीज परत आली तेव्हा पडद्यावर सिस्टिमच नव्हती. फक्त ‘रॉममॉन’ असा एक शब्द आणि त्यापुढे लुकलुकणारी काडी. मराठीत सांगावयाचे तर घर जळाले होते आणि उंबरठा उरला होता.

त्या उंबरठ्यावरून नवी सिस्टिम आत नेण्याची एकच वाट माझ्यापाशी होती, ती म्हणजे कन्सोलची बारीक निळी वायर. तिचा वेग सेकंदाला ९६०० बिट, म्हणजे हजारापेक्षाही कमी अक्षरे. सात मेगाबाइटची फाइल त्या गळतीच्या नळाने भरावयास दोन तासांहून अधिक लागतात. पहिल्या खेपेस दीड तासाने माझ्याच पायाचा धक्का वायरला लागला आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. पहाटे पावणेपाचला राउटर उभा राहिला. साडेआठला साहेब आले, म्हणाले, “काय, सगळे ठीक ना?” मी म्हटले, ठीक. किटलीचा चहा मात्र त्या दिवशी मी घेतला नाही.

मोठ्यांचेही असेच होते. २०२२ च्या जुलैची ८ तारीख ताई विसरणार नाही. कॅनडातील ‘रॉजर्स’ ह्या कंपनीचे आपले मुख्य जाळे टप्प्याटप्प्याने नवे करण्याचे काम चालू होते. सात टप्प्यांपैकी सहाव्यात, काही राउटरांची मांडणी बदलताना, वाटांची गर्दी अडवून धरणारी एक चाळणी चुकून काढली गेली. मुख्य राउटरांवर वाटांचा असा लोंढा कोसळला की ते बसले. १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांचे फोन आणि इंटरनेट बंद. दुकानांत डेबिट कार्डाने पैसे देता येईनात, आणीबाणीचा ९११ क्रमांक कित्येकांना लागेना. दुरुस्ती करणाऱ्यांचा राउटरांपर्यंत पोहोचण्याचा मार्गही त्याच बसलेल्या जाळ्यातून जात होता. म्हणजे विहिरीत पडलेली घागर काढावयाचा दोरही विहिरीतच. आपल्याकडे दुपारची वेळ होती. ताईने मुलाला टोरांटोला रात्रीपर्यंत फोन लावला आणि तो लागला नाही. ती मला म्हणाली, “अरे, तूच सांगतोस ना सॉफ्टवेअर बदला म्हणून?”

तिचे बोलणे मला लागले, आणि त्यात तथ्यही होते. पण मी त्याचा अर्थ असा लावतो की बदल केला म्हणून घात झाला नाही. परत फिरण्याची वाट न ठेवता बदल केला म्हणून झाला. माझ्या त्या रात्रीचेही तेच. कार्यालयात आम्ही पुढे जी शिस्त पाळली ती ह्याच एका गोष्टीभोवती होती. आधी राउटरलाच विचारावयाचे की तुझे मॉडेल कोणते, आज कोणती आवृत्ती आहे, मेमरी किती, चिपेत जागा किती. सगळे कागदावर उतरवावयाचे. मग त्याची सर्व मांडणी वेगळ्या संगणकावर नकलून ठेवावयाची, कारण सिस्टिम बाजारात पुन्हा मिळते, आपली मांडणी जगात दुसरीकडे कोठेही मिळत नाही. नवी फाइल आली की तिच्या बोटाचा ठसा जुळवून पाहावयाचा. ‘एमडी-५’ नावाचे एक गणित फाइलमधून बत्तीस अक्षरांची ओळ काढते. कंपनीने छापलेली ओळ आणि आपण काढलेली ओळ तंतोतंत जुळली तर फाइल वाटेत बिघडलेली नाही. आजकाल एमडी-५ ची बनवाबनवी करता येते म्हणून ‘शा-२५६’ नावाचे अधिक कडक गणित वापरतात. जुनी सिस्टिम जागा असेल तर पुसावयाची नाही. राउटरला सांगावयाचे, आधी नवी उचलून पाहा, ती उठली नाही तर जुनी घे. आणि इतके झाल्यावरच त्याला निजवून उठवावयाचे.

घरच्या पेटीला एवढा सोहळा लागत नाही, पण जातकुळी तीच. पेटी उलटी करा; तळाच्या चिठ्ठीवर मॉडेल लिहिलेले असते आणि त्याच्या पुढे बहुधा ‘व्ही १’, ‘व्ही २’ असे काहीतरी असते. त्या आकड्याकडे दुर्लक्ष करू नका. नाव एकच असले तरी व्ही १ चे सॉफ्टवेअर व्ही २ मध्ये घालणे म्हणजे पेट्रोलच्या मोटारीत डिझेल भरणे होय. पेटीच्या पानावर शिरून मांडणीचे फोटो मोबाइलने काढून ठेवा. फाइल घ्यावयाची ती बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या ठिकाणाहून. कोणी ईमेलने पाठवलेली मुळीच नको. संगणक पेटीला वायरने जोडा, वायफायवरून हे काम करू नका. एकदा सुरू झाले की दहा मिनिटे कोणीही कशालाही हात लावू नये, दिवे कितीही विचित्र लुकलुकोत. आमच्याकडे बहुतेक पेट्या ह्या दहा मिनिटांत मरतात, कारण घरातील सर्वांत अधीर माणूस नेमका तेव्हाच वायर उपटतो. वेळही पाहून निवडा. गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी, फ्रान्स-इंग्लंडमधील नातेवाईक आरती पाहावयास टपून बसलेले असताना, हा उद्योग करू नये. आणि काम झाल्यावर पासवर्ड बदलला आहे ना, बाहेरून पेटीत शिरण्याची सोय बंद आहे ना, ती नावपत्त्यांच्या वहीची नोंद जागेवर आहे ना, एवढे पाहिल्याशिवाय उठू नये. पुष्कळ नव्या पेट्यांत ‘आपोआप अद्ययावत करा’ असे एक बटण असते. ते असेल तर चालू ठेवा आणि पहाटेची वेळ द्या. अर्धे काम तेथेच संपते.

इतके करूनही ताईची पेटी सुधारली नाही, हे सांगावयाचे राहिले. मी त्या रात्री कंपनीच्या ठिकाणी जाऊन शोधले. २०१३ नंतर त्या मॉडेलसाठी कंपनीने तीनदा नवे सॉफ्टवेअर काढले होते. शेवटचे २०१५ साली. मग कंपनीने त्या मॉडेलचे नाव टाकून दिले. म्हणजे मी शहाण्यासारखा वागलो असतो तरी २०१६ पासून ती पेटी उघड्या दाराचीच होती. तिचे दिवे छान लुकलुकत होते. बाहेरून पाहणाऱ्याला ती मेली आहे हे कळण्याचा काही मार्ग नव्हता.

माझा खरा राग येथे आहे. दुधाच्या पाकिटावर तारीख असते, औषधाच्या बाटलीवर असते, राउटरच्या खोक्यावर नसते. ब्रिटनने २०२२ साली ह्यासाठी कायदा केला आणि २९ एप्रिल २०२४ पासून तो तेथे लागू आहे. सर्व पेट्यांना एकच सोपा पासवर्ड घालून विकण्यास त्याने मनाई केली आहे, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या किमान कोणत्या तारखेपर्यंत देणार हे बनवणाऱ्याने जाहीर करणे सक्तीचे केले आहे. युरोपीय संघाचा २०२४ चा कायदा २०२७ च्या डिसेंबरात पूर्णपणे लागू व्हावयाचा आहे. त्यात हा काळ सर्वसाधारणपणे पाच वर्षांपेक्षा कमी नसावा असे म्हटले आहे. आपल्या बेटावर दळणवळणाची उपकरणे आणावयाची तर आयसीटीए ह्या प्राधिकरणाची मान्यता लागते. रेडिओलहरींसाठी पेटी तपासून घेतली जातेच. त्याच कागदावर आयातदाराकडून एक तारीख लिहून घ्यावी आणि ती खोक्यावर फ्रेंच-इंग्रजीत ठळक छापावयास लावावी, एवढीच माझी मागणी आहे. त्यासाठी मोठा खर्च येतो असे मला दिसत नाही. लहान देशाचे कोण ऐकणार, असे म्हणू नका. त्याच कंपन्या तीच तारीख ब्रिटनमध्ये जाहीर करीत आहेत. येथे ती फक्त खोक्यावर उतरवावयाची आहे.

सरकार करील तेव्हा करील. तोवर गेल्या ऑक्टोबरात आम्ही आमच्या रस्त्यावर एक प्रयोग केला. बैठकीला मराठी शिकावयास येणारी तीन मोठी मुले आणि मी, दोन शनिवार अकरा घरांत फिरलो. आजी-आजोबा एकटे राहतात अशीच घरे निवडली होती. अकरा घरांत सतरा पेट्या निघाल्या. सहांचा पासवर्ड कारखान्याचाच होता. चार पेट्यांचे बनवणारे त्यांना विसरून गेले होते. त्या आम्ही काढून ठेवावयास सांगितल्या, आणि हे सांगणे सर्वांत अवघड गेले. “चांगली चालते आहे की रे बाळा,” असे एक काका म्हणत राहिले. त्यांचे म्हणणे असे की पेटी त्यांच्या मुलाने पहिल्या पगारातून आणली होती. आम्ही तिची वायर काढून ती त्यांच्या कपाटात मुलाच्या फोटोशेजारी ठेवली. एका घरात मात्र आमच्याच हातून पेटी बिघडली. मांडणीची नक्कल होती म्हणून दीड तासात सावरली, आणि त्या दीड तासात काकींनी गातो पिमाँ तळले. मुलांना त्या घरी पुन्हा जावयाचे आहे.

ताईकडे आता नवी पेटी आहे. ती घ्यावयास आम्ही दोघे क्वात्र बोर्नच्या एका दुकानात गेलो होतो. ताईने खोके हातात घेतले, चारी बाजूंनी वाचले आणि काउंटरवरच्या मुलाला विचारले, ह्याची दुरुस्ती किती सालापर्यंत मिळेल? त्याने वर्षाची हमी आहे म्हणून सांगितले. ताई म्हणाली, हमी नव्हे, दुरुस्ती. मुलगा आत जाऊन मालकाला विचारून आला, मग मालक बाहेर आला, मग दोघे मिळून मोबाइलवर शोधू लागले. मागे रांग लागली. ताई शाळेत उभी राही तशी हात बांधून उभी होती. वीस मिनिटांनी तारीख सापडली. तिने ती पेनाने खोक्यावर लिहून घेतली आणि मगच पैसे दिले.

आमच्या सभागृहातही एक राउटर आहे. उत्सवाचे थेट चित्रण त्यावरूनच जाते, आणि दारावरचा कॅमेराही त्यालाच जोडलेला आहे. तो कोणी, कोणत्या साली बसवला, हे कार्यकारिणीत कोणालाच आठवत नाही. येत्या सर्वसाधारण सभेसाठी मी हा विषय लेखी कळवला होता. चिटणीसांनी तो छपराची डागडुजी आणि फाटकाची रंगरंगोटी ह्यांच्या खाली, ‘आयत्या वेळचे विषय’ ह्या सदरात घातला आहे. तो छपराच्या जोडीने घ्यावा, अशी त्यांना ह्या पानावरून नम्र विनंती आहे.